गोव्यातल्या रस्त्यांसाठी गाडीत कोणता जीपीएस घ्यावा?

गाडीत वाट दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरलं की बहुतेक जण दुकानात शिरल्या शिरल्या पडद्याचा आकार विचारतात. सात इंची आहे का, नऊ इंची केवढ्याला, दहा इंची बसेल का. माझं स्पष्ट मत आहे की गोव्यात गाडी चालवणाऱ्यानं पडद्याकडे सगळ्यांत शेवटी बघावं. आधी दोन गोष्टी तपासाव्यात. मोबाइलचं नेटवर्क गेल्यावर नकाशा चालू राहतो का, आणि ज्या वाड्यावर जायचं आहे तो वाडा त्यात सापडतो का. राज्य जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरचं. पण त्यात नद्या आहेत, फेरीबोटी आहेत, खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे) बांध आहेत, सत्तरी-सांग्याचं जंगल आहे आणि एकाच नावाची दोन-तीन गावंही आहेत. नव्यानं गाडी घेतलेल्या माणसाला इथे यंत्राचा खरा उपयोग होतो, आणि चुकीचं यंत्र घेतलं तर खरा त्रासही होतो.

आधी हे समजून घ्या

‘जीपीएस’ या एका शब्दाखाली बाजारात तीन निरनिराळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे उपग्रहांकडून आलेले संकेत वाचून आपण कुठे आहोत हे ठरवणारा रिसीव्हर. दुसरी, त्या ठिकाणाभोवतीचा नकाशा. तिसरी, रस्त्यावर आत्ता किती गर्दी आहे ही ताजी माहिती.

रिसीव्हरला इंटरनेट लागत नाही आणि सिमकार्डही लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवत असतात, आपलं यंत्र ते फक्त ऐकतं. म्हणून मोल्याच्या जंगलात मोबाइलची एकही कांडी नसली तरी आपलं ठिकाण कळतं. नकाशा मात्र आधी उतरवून ठेवला नसेल तर पडद्यावर कोऱ्या पांढऱ्या जागेत एक निळा ठिपका तेवढा दिसत राहतो. आणि गर्दीची माहिती नेटशिवाय मिळतच नाही, यंत्र कितीही महाग असो.

आणखी एक गोंधळ टाळा. दुकानात नुसतं ‘जीपीएस पाहिजे’ म्हटलंत तर ट्रॅकर पुढे केला जाण्याची शक्यता असते. ट्रॅकर गाडी कुठे आहे हे दुसऱ्याला सांगतो, चालवणाऱ्याला वाट दाखवत नाही. टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचा ट्रॅकर आणि आणीबाणीचं बटण लागतं, तो विषय वेगळा. तुम्हाला ‘नॅव्हिगेशन’ हवं आहे, तोच शब्द वापरा.

पहिली पायरी: आपले रस्ते कागदावर लिहा

येत्या वर्षभरात गाडी कुठे कुठे जाणार आहे ते खरंच लिहून काढा. रोज म्हापसा ते पणजी किंवा मडगाव ते वेर्णा अशी ये-जा असेल तर वाट तुम्हाला पाठच आहे. तुम्हाला हवी आहे ती गर्दीची माहिती आणि वळणमार्गांची सूचना. हे काम नेटवर चालणारा फोन सगळ्यांत चांगलं करतो. पर्वरीत उन्नत मार्गाचं काम सुरू झाल्यावर वाहतूक वारंवार बदलत गेली, अशा वेळी साठवलेला नकाशा फारसा कामाचा नाही.

वाळपई, नेत्रावळी, खोतीगाव, दूधसागर या बाजूला वरचेवर जाणं असेल, किंवा चोर्ला घाटानं बेळगावला फेऱ्या असतील, तर ऑफलाइन नकाशा ही पहिली अट. आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्याहून गावी येणारे असाल तर दोन्ही लागतं. राष्ट्रीय महामार्ग ६६ तुंबला की आंबोलीनं उतरायचं की फोंडाघाटानं, हे ऐनवेळी ठरवायला नेट लागतं. घाटात उतरल्यावर नेटचा भरवसा नाही, तिथे साठवलेला नकाशा लागतो.

दुसरी पायरी: खिशातला फोन पुरेल का, हे आधी पाहा

बहुतेकांना पुरतो. मी नवख्या माणसाला आधी एक पैसाही यंत्रावर खर्च करू देत नाही. फोन अडकवायचा एक मजबूत माउंट, एक बरा चार्जर आणि उतरवलेला नकाशा, एवढ्यावर पहिले काही आठवडे काढा.

गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशा उतरवताना फक्त गोव्याचा चौकोन घेऊ नका. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारचा भाग त्यात येऊ द्या, कारण निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण दोन्ही उतरवलेल्या भागात असतील तरच नेटशिवाय वाट मिळते. हा नकाशा अधूनमधून ताजा करावा लागतो, नाहीतर तो बाद होतो. घरच्या वायफायवर आपोआप ताजा होण्याची सोय सुरू ठेवा. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड यांपैकी एक अ‍ॅप घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतात, मुळात ऑफलाइनसाठीच केलेली आहेत, आणि रानातल्या पायवाटा व कच्चे रस्ते त्यांत पुष्कळदा जास्त तपशिलानं असतात. मॅपल्स हे मॅपमायइंडियाचं भारतीय अ‍ॅप. तेही वापरून बघा, गतिरोधक आणि धोक्याची वळणं यांच्या सूचना त्यात मिळतात.

फोनची अडचण उन्हाची. मार्च ते मे या काळात काचेखाली ठेवलेला फोन तापतो, पडदा आपोआप मंद होतो आणि चार्जिंग थांबतं. आयफोनसाठी तर कंपनीच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते, आणि उन्हात उभ्या गाडीतलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. म्हणून काचेला चिकटणाऱ्या माउंटपेक्षा एसीच्या झरोक्यात अडकणारा माउंट गोव्यात बरा. थंड वारा थेट फोनच्या पाठीवर येतो. शिवाय उष्म्यानं आणि दमट हवेनं रबरी चकती काचेवरून सुटते, ती नेमकी वळणावर सुटली तर लक्ष जातं.

चार्जरकडेही लक्ष द्या. जुन्या गाड्यांमधला साधा यूएसबी पोर्ट फार कमी वीज देतो. नकाशा चालू असताना बॅटरी भरण्याऐवजी उतरतच जाते. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा, पीडी म्हणजे जलद चार्जिंगचा टाइप-सी चार्जर घ्या.

कायद्याचा मुद्दा इथेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार, चालवणाऱ्याची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीनं फक्त वाट पाहण्यासाठी हातातलं संपर्काचं उपकरण वापरता येतं. याचा अर्थ फोन हातात धरून चालवा असा मुळीच नाही. फोन माउंटवर, आवाज मोठा आणि ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वी टाकलेलं, हीच सुरक्षित पद्धत.

तिसरी पायरी: डॅशबोर्डचा पडदा घ्यायचा झाला तर

फोन तापण्याचा वैताग आला, किंवा घरातले तिघं-चौघं तीच गाडी चालवत असतील, तर डॅशबोर्डमध्ये बसणारी अँड्रॉइड स्टिरिओ सिस्टीम सोयीची. इथे दुकानदार ‘ऑक्टाकोअर’, ‘क्यूएलईडी’ असं बरंच काही सांगेल. तुम्ही तीन गोष्टी विचारा.

पहिली, अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले चालतं का, आणि ते तारेशिवाय चालतं का. हे असेल तर नकाशा फोनमधलाच राहतो, फक्त मोठ्या पडद्यावर दिसतो, आणि फोन सीटखाली सावलीत ठेवता येतो. गोव्यासाठी मला हाच पर्याय सगळ्यांत पसंत आहे.

दुसरी, सिस्टीममध्ये स्वतःचा नकाशा चालवायचा असेल तर रॅम किती. दोन जीबीची सिस्टीम नवी असताना बरी वाटते, मग अ‍ॅप जड होत जातात आणि वळण मागे पडल्यावर सूचना येऊ लागते. चार जीबीपेक्षा कमी घेऊ नका.

तिसरी, अँटेना. सिस्टीमबरोबर जीपीएसची छोटी काळी डबी आणि वायर येते. काही जण ती डॅशबोर्डच्या आत लोखंडी पट्टीमागे कोंबून मोकळे होतात. तिला आकाश दिसलं पाहिजे. पुढच्या काचेजवळ, डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली किंवा त्यावर, सपाट बसवून घ्या आणि बसवताना शेजारी उभे राहा. काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म लावली असेल तर तीसुद्धा उपग्रहांचे संकेत अडवते.

वायरिंग कापून जोडू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर (जोडणीचा तयार प्लग) मिळतो, तो लावला की मूळ वायर शाबूत राहते. वायर कापली की गाडीच्या वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत उघडे सांधे लवकर गंजतात. गाडी किनाऱ्यालगतच्या गावात उभी राहत असेल तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा.

कंपनीकडूनच बसून आलेलं नॅव्हिगेशन गाडीत असेल तर त्याला एक वेगळा फायदा आहे. त्यातल्या बऱ्याच यंत्रणा चाकांच्या वेगावरूनही अंदाज बांधतात, त्यामुळे थोडा वेळ संकेत तुटला तरी ठिपका पुढे सरकत राहतो. पण नकाशा किती वर्षं फुकट मिळणार, हे शोरूममध्ये लेखी घ्या.

चौथी पायरी: वेगळं यंत्र कोणी घ्यावं

गार्मिन, टॉमटॉम यांची काचेवर लावायची स्वतंत्र यंत्रं आता इथल्या दुकानांत क्वचितच दिसतात. पण गोव्यात ती दुसऱ्या वाटेनं येतात. लिस्बन, लंडन किंवा आखातातून आलेला नातेवाईक भेट म्हणून आणतो. असं यंत्र हातात आलं की पहिला प्रश्न हा, त्यात भारताचा नकाशा आहे का? अनेक यंत्रांत फक्त युरोपचा किंवा फक्त आखाती देशांचा नकाशा असतो. ‘लाइफटाइम मॅप्स’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी ते त्या प्रदेशापुरतंच. आणवण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी भारताचा नकाशा मिळतो का, हे पाहून मगच हो म्हणा.

जुनं वापरलेलं यंत्र कोणी देत असेल तर तारीख तपासा. जीपीएसची आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. तसं ६ एप्रिल २०१९ ला झालं. सॉफ्टवेअर ताजं न केलेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून तारीख-वेळ चुकीची दाखवतात. तारीख चुकीची दिसली तर सॉफ्टवेअर मिळतंय का पाहा, नसेल तर नको म्हणा.

अशा यंत्राला पहिल्यांदा सुरू करताना वेळ द्यावा लागतो हेही ध्यानात ठेवा. फोन उपग्रहांची माहिती मोबाइल नेटवरून चटकन मिळवतो, स्वतंत्र यंत्र ती थेट उपग्रहाकडून घेतं. बरेच दिवस बंद असेल तर काही मिनिटं लागू शकतात. बिघडलं असं समजून परत करू नका, उघड्यावर उभं राहून वाट बघा.

माझ्या मते स्वतंत्र यंत्र आज फक्त त्यानंच घ्यावं, जो सतत घाट-जंगलात फिरतो आणि फोन वेगळ्या कामासाठी मोकळा ठेवू इच्छितो. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या फोनवर घालावेत. फोन निवडताना जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि आपली नाविक या उपग्रह यंत्रणांचाही उल्लेख तपशिलात आहे का पाहा. जितके उपग्रह जास्त, तितकं माडांच्या दाटीत आणि घाटाच्या कड्याखाली ठिकाण नेमकं. एल-१ आणि एल-५ अशा दोन फ्रिक्वेन्सी वापरणारा फोन मिळाला तर उत्तम. कड्यावर आपटून येणारे फसवे संकेत तो चांगले ओळखतो.

पाचवी पायरी: पैसे देण्याआधी गोव्याची परीक्षा घ्या

दुकानातल्या डेमोवर जाऊ नका. यंत्र हातात घ्या आणि खालची ठिकाणं टाकून बघा. नकाशा किती ताजा आहे आणि यंत्र किती शहाणं आहे, दोन्ही यातून कळतं.

कुठ्ठाळी आणि आगशीच्या मधला नवा झुआरी पूल दिसतो का? त्याची पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये खुली झाली. काणकोणातला चाररस्ता ते माशे हा बगलरस्ता दिसतो का? तो नोव्हेंबर २०१९ चा. हे दोन्ही नसतील तर तो नकाशा विकत घेण्यासारखा नाही.

मग ‘गोवा विमानतळ’ एवढंच टाका. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली, आणि दाबोळीही चालू आहे. एक पेडण्यात, दुसरा मुरगाव तालुक्यात. यंत्र दोन्ही नावं पुढे ठेवून विचारतं की परस्पर एक धरून निघतं, हे पाहा. पाहुण्यांना आणायला जाताना तिकिटावरचं नाव वाचूनच ठिकाण टाकायची सवय लावा. चुकलात तर विमान चुकण्याइतका वेळ जातो.

आता ‘केरी’ शोधा. पेडण्यात समुद्राकाठी एक केरी आहे, सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी दुसरं, फोंडा तालुक्यात तिसरं. ‘फोंडा’ शोधलंत तर सिंधुदुर्गातला फोंडाघाटही पुढे येऊ शकतो. चांगलं यंत्र तालुक्याचं नाव शेजारी दाखवतं. रोमी अक्षरांत शोधताना पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं आड येतात, ‘श’साठी एक्स आणि ‘क’साठी क्यू हे नव्या माणसाला सुचत नाही. म्हणून देवनागरीत टाकून शोधता येतं का, हेही बघून घ्या.

दिवाडीतलं एखादं ठिकाण टाका. त्या बेटावर गाडी न्यायची तर फेरीबोटीशिवाय मार्ग नाही. यंत्र जुने गोवे, रायबंदर किंवा नार्व्याची फेरी दाखवतं का? सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू असेल तर ते गोंधळेल. उलट जिथे पुलानं जाता येतं तिथेही ते फेरीवर नेत असेल तर हीच खूण चालू करावी लागेल. पावसाळ्यात किंवा रात्री फेरी सुरू आहे की नाही हे नकाशाला माहीत नसतं, धक्क्यावर विचारलेलंच खरं.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष गाडीतून, मांडवीवर. जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू जुन्या दोन पुलांच्या मधून आणि त्यांच्या वरून जातो. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनचा अंदाज काही मीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे तुम्ही वरच्या पुलावर आहात की बाजूच्या, हे यंत्राला नेमकं कळत नाही. पर्वरीकडून येताना पुलाच्या तोंडाशी कोणती लेन धरायची, हे पुरेसं आधी बोलून सांगणारं यंत्र चांगलं. पुलावर चढल्यावर सांगून उपयोग नाही.

सहावी पायरी: बसवल्यावर लगेच करायच्या गोष्टी

आधी वाहनाचा प्रकार तपासा. गुगल मॅप्समध्ये डिसेंबर २०१७ पासून भारतात दुचाकीसाठी वेगळी सोय आहे, आणि गोव्यात ज्याच्या-त्याच्याकडे स्कूटर. कालपर्यंत स्कूटरवर वापरलेला फोन आज गाडीत लावला आणि खूण तशीच राहिली, तर तो तुम्हाला फोन्तायन्हासच्या किंवा आसगावच्या अशा बोळात नेऊन सोडेल जिथून गाडी मागेच घ्यावी लागते. उलटही खरं आहे. अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा स्कूटरवर गाडीची वाट लावू नका.

मग पत्ते. आपल्याकडे पत्ता म्हणजे वाडा, घर क्रमांक, आणि देऊळ, तिठा किंवा कपेलाची (छोट्या चर्चची) खूण. यावरून यंत्राला घर सापडत नाही. यजमानाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा आणि नेट असतानाच घरी बसून ते जतन करा. गुगलचा प्लस कोड (ठिकाणाचा छोटा सांकेतिक पत्ता) नेटशिवायही चालतो, मॅपल्सचा सहा अक्षरांचा पिनही उपयोगी. टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन दहा अक्षरांचा आहे आणि सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. स्वतःच्या घराचा कोड काढून आमंत्रणपत्रिकेवर छापा, चवथीला येणाऱ्या पाहुण्यांचे निम्मे फोन वाचतील.

‘सर्वांत जवळचा रस्ता’ या पर्यायापासून जपून राहा. जवळचा म्हणून तो खाजनाच्या बांधावरचा असू शकतो. नकाशावर ती रेघ इतर रस्त्यांसारखीच दिसते. पावसात भरतीच्या वेळी तिथे पाणी चढतं आणि कडा कळत नाही. पाण्याखाली गेलेला रस्ता, अरुंद साकव किंवा चिखलाची वाट समोर आली तर यंत्र काहीही सांगो, थांबा. दोडामार्गहून वर घाटमाथ्यावर जाताना तिलारीच्या बाजूनं अंतर कमी दिसतं, पण चढ तीव्र आणि वळणं अरुंद आहेत. नवख्या चालकानं तो पहिल्याच वेळी, तोही पावसात किंवा रात्री, धरू नये.

शिमग्याच्या आणि कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी पणजी-मडगावात, आणि शुक्रवारी बाजाराच्या वेळी म्हापशात, नकाशाआधी वर्तमानपत्रातली वाहतूक-बदलाची बातमी वाचा. चुकीचा रस्ता किंवा बंद झालेली वाट दिसली तर घरी पोचल्यावर अ‍ॅपमधून दुरुस्ती कळवा. आतल्या गावांचे नकाशे अशाच कळवण्यातून सुधारत आलेत, आणि तुमच्या वाड्याची माहिती तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाला नाही.

गाडी विकायची वेळ आली, किंवा भाड्याच्या गाडीला फोन जोडला असेल, तर परत देण्यापूर्वी सिस्टीममधून जतन केलेलं ‘घर’, अलीकडची ठिकाणं आणि जोडलेल्या फोनमधून आलेली संपर्कांची यादी पुसून टाका. सेटिंगमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’ असतं, ते दाबलं की सगळं एकदम जातं. मागे लावलेलं मेमरी कार्ड मात्र आठवणीनं हातानं काढून घ्यावं लागतं.